सीमाभागातल्या पोरांचं पहिलं वेबपान तीन लिप्यांत असावं

सहावी-सातवीच्या कंप्यूटर तासाला एचटीएमएल (वेबपान लिहायची खुणांची भाषा) आलं की ठरलेला क्रम असतो. आधी फुल फॉर्म पाठ, मग टॅगची, म्हणजे त्या खुणांची, यादी वहीत, मग "माय स्कूल" नावाचं चार ओळींचं इंग्रजी पान. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांनी तरी हे सोडून द्यावं, असं माझं मत आहे. इथलं पोर शाळेत मराठी लिहितं, कन्नड शिकतं आणि बसची पाटी कन्नडमध्ये वाचतं. त्याचं पहिलं पान नेमक्या त्याच भाषेत का, जी त्याला तिन्हींत सगळ्यात कमी येते? टॅग इंग्रजीत राहणारच, त्याला इलाज नाही. मजकूर मात्र मराठी आणि कन्नड असू द्या.

लागतं काय? नोटपॅड आणि ब्राउझर. इंटरनेट लागत नाही, हे मुख्याध्यापकांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. फाइल पेनड्राइव्हवर असली तरी ब्राउझरमध्ये उघडते. वर्डमधून "वेब पेज" म्हणून सेव्ह करायला शिकवू नका. तो मुलांच्या दहा ओळींभोवती आपला पानंच्या पानं कचरा घालतो आणि मग त्यातलं कुणालाच काही वाचता येत नाही.

पहिल्या तासाला एकही टॅग नको. गावाबद्दल चार ओळी मराठीत टाइप करायच्या, प्रत्येक ओळीनंतर एंटर द्यायचा, फाइल सेव्ह करून ब्राउझरमध्ये उघडायची. सगळ्या ओळी एकाला एक चिकटून येतात. ब्राउझरला एंटर आणि स्पेस सारखेच, कितीही दिले तरी तो एकच जागा सोडतो. "सर, ओळी कुठं गेल्या?" असं पोरांनी विचारलं की परिच्छेद पाडणारा पी टॅग शिकवायची वेळ झाली. नंतर हेडिंग. ओळ मोडणारा बीआर सगळ्यात शेवटी, आणि ओवी किंवा अभंग टाइप करतानाच, कारण तिथं ओळ मोडण्याला खरंच अर्थ असतो. नाहीतर पोरं परिच्छेदही बीआर मारमारून करतात.

सेव्ह करताना निम्मा वर्ग अडतो. नोटपॅड गुपचूप शेवटी डॉट टीएक्सटी जोडतं आणि विंडोज ते लपवतं. फाइल दिसते इंडेक्स डॉट एचटीएमएल, असते इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी. म्हणून आदल्या दिवशीच प्रत्येक मशीनवर फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायची खूण करून ठेवा, आणि सेव्ह करताना टाइपच्या खान्यात "ऑल फाइल्स" निवडायला लावा.

त्याच खिडकीत खाली एन्कोडिंग असतं, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत. तिथं सगळ्या लिप्या सामावणारं यूटीएफ-८च हवं. २०१९च्या अपडेटपासून विंडोज १०चं नोटपॅड ते आपोआप घेतं, पण शाळांना देणगीत मिळालेली मशीन बहुधा त्याहून जुनी. तिथं एएनएसआय हे जुनं एन्कोडिंग असतं, त्यात मराठी मावत नाही. त्यात मराठी सेव्ह केलं की नोटपॅड एकदा इशारा देतं, पोरं ओके दाबतात आणि सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. ती परत अक्षरं होत नाहीत, मजकूर गेला तो गेलाच. हे एकदा मुद्दाम करून दाखवा, पण दोनच शब्दांवर.

दुसरा बिघाड वेगळा. फाइल यूटीएफ-८मध्ये नीट सेव्ह झाली, पण पानाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या न दिसणाऱ्या भागात, एन्कोडिंग सांगणारी मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ नाही. अशा वेळी ब्राउझरला एन्कोडिंगचा अंदाज बांधावा लागतो. आपल्या मशीनवरच्या फाइलसाठी आजचे ब्राउझर तो बहुतेकदा बरोबर बांधतात, म्हणून ओळ विसरली तरी वर्गात चालून जातं. तेच पान सर्व्हरवर (इंटरनेटवरून पानं पुरवणाऱ्या मशीनवर) गेलं, सर्व्हरनंही एन्कोडिंग सांगितलं नाही, की एकेका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन चमत्कारिक चिन्हं येतात. तीनच का, हे सातवीच्या मुलाला सहज कळतं. यूटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट (साठवणीचं एकक) लागतो, देवनागरी आणि कन्नडला ३. "मराठी" शब्दात काना-वेलांटी वेगळी मोजली तर ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. "कन्नड" शब्दात हलन्त धरून पुन्हा ५, पुन्हा १५. बोटांवर मोजू द्या, गणिताच्या तासाला होणार नाही इतकी चर्चा होते. यात बरी गोष्ट अशी की अक्षरं फुटली तर चूक लगेच नजरेत येते. इंग्रजी पानावर ती कधीच दिसली नसती.

टायपिंगचं म्हणाल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकवा. फोनवर इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहायची सवय लागलेली पोरं आठवडाभर कुरकुर करतील, करू द्या. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी के असलेल्या बटणावर मराठीत क आहे, आणि कन्नड कळफलक निवडला तरी तिथंच कन्नडचा क आहे. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून लिपी बदलायची, बोटं तशीच चालतात. कन्नडमधला ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ असे थोडेच अपवाद. युनिकोडमध्ये (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) दोन्ही लिप्यांना प्रत्येकी १२८ घरं दिलेली आहेत आणि क दोन्हीकडे २२व्या घरात बसतो. मराठी शाळेतल्या पोराला कन्नड टायपिंग जवळपास फुकट मिळतं, मग ते का सोडायचं? "दऱ्या"मधला ऱ्य मात्र वेगळा दाखवा: शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग य. साधा र घेतला तर "दर्या" होतो, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या दऱ्याखोऱ्यांचा समुद्र होऊन बसतो.

मराठी परिच्छेदाला लँग एमआर आणि कन्नडला लँग केएन ही भाषा सांगणारी खूण लावायला पहिल्यापासून शिकवा. दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर यावरून आवाज निवडतं. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली आहे, त्यात ल आणि श सुद्धा हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे दिसतात.

टॅग किती शिकवावेत? १९९१ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेल्या पहिल्या यादीत १८च होते, आणि चित्राचा टॅग त्यात नव्हता. सहावी-सातवीला डझनभर पुरे. फॉन्ट, सेंटर, मार्की हे एचटीएमएल ५नं बाद केलेले टॅग गाइडांत अजून ठाण मांडून आहेत. मार्की तेवढा पाच मिनिटं खेळू द्या, अक्षरं पळताना बघून सगळा वर्ग जागा होतो. मग पुसून टाका.

टॅग बंद करायला विसरलं की ब्राउझर चूक दाखवत नाही, जमेल तसं दामटून नेतो. त्यामुळे लक्षणावरून कारण ओळखायला शिकवावं लागतं. खालचं सगळं पान मोठ्या ठळक अक्षरात आलं तर हेडिंग उघडं राहिलं. सगळा मजकूर निळा आणि अधोरेखित झाला तर लिंक उघडी. मधला तुकडाच गायब असेल तर कुठंतरी अवतरणचिन्ह मिटलेलं नाही. वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून ओळ उचलली तर वाकडी अवतरणं येतात, ती ब्राउझरला चालत नाहीत. माझं तर म्हणणं, परीक्षेत व्याख्या विचारूच नका. पाच चुका असलेलं पान द्या आणि दुरुस्त करायला सांगा. चॅटबॉटकडून पान लिहून आणणारं पोरही इथं उघडं पडतं.

यादी शिकवताना लिस्ट स्टाइल टाइपमध्ये (क्रमांकांची तऱ्हा ठरवणाऱ्या सूचनेत) "देवनागरी" हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला की क्रमांक १, २, ३ असे येतात, "कन्नड" टाकला की कन्नड अंकांत. मुलांना याचं फार अप्रूप वाटतं. उलट लेटर स्पेसिंगपासून (अक्षरांतलं अंतर वाढवण्यापासून) लांब ठेवा, शिरोरेघ जागोजागी तुटते. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीखाली नको, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

फोटोत हमखास घोळ होतो. फोनवरचा फोटो तीन-चार एमबीचा, तो आधी पेंटमध्ये १२०० पिक्सेल रुंदीचा करा. फोटो पानाच्याच फोल्डरात ठेवून फक्त नाव लिहायचं. सी ड्राइव्हपासूनचा पत्ता लिहिला तर फोटो त्याच मशीनवर दिसतो, शेजारच्या मशीनवर नाही. फाइलची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नाही. विंडोज मोठं-छोटं अक्षर सारखंच मानतं, लिनक्स सर्व्हर मानत नाही, म्हणून वर्गात दिसणारा फोटो बाहेर गेल्यावर गायब होतो. मराठी नाव ठेवलं तर पत्त्यात एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात.

विषय मात्र गावातले द्या: हलशीची कदंबकालीन देवळं, राजहंसगड, रताळ्याची लागवड, आठवडी बाजाराचे भाव (टेबल शिकवायला याहून बरं काही नाही). यात्रेची माहिती डीटीपीवाल्याकडून आणली तर ती बहुधा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या छपाईच्या फॉन्टमध्ये असते. नोटपॅडमध्ये चिकटवली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, किंवा सरळ पोरांकडून नव्यानं टाइप करून घ्या, सरावही होतो.

आणि पान खरंच इंटरनेटवर ठेवणार असाल, तर मुलाचं पूर्ण नाव, फोटो, फोन नंबर, घरचा पत्ता त्यात नको. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत आधी पालकांना पान दाखवा, मगच चढवा.