वही एक, फोटो सतरा

येऊरच्या पाड्यावर एका संस्थेबरोबर वह्या वाटायला गेलो. वाटप दहा मिनिटं, फोटो तासभर! "बाळा, वही वर धर. हस ना!" का हसेल ते पोर? उन्हात चौथ्यांदा तीच वही घेतंय! संध्याकाळी त्याचा चेहरा, नाव, शाळा, सगळं फेसबुकवर. आईला विचारलं? छे! म्हटलं, 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असं 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय. तर म्हणे, "साहेब, चांगलं काम आहे हो!"

आणि यांच्याच ठाण्यातल्या प्रदर्शनात मी एका मडक्याचा फोटो काढला (फ्लॅश बंद होता माझा!), तर स्वयंसेवक धावतच आला. "काका, फोटोला मनाई आहे!" मडक्याची केवढी ती अब्रू! वहीवाला फोटो अजून तिथेच आहे. दोनशे लाइक.