‘व्यापाऱ्यांचा फोन’ आणि परभणीचा मे महिना

परवा भर दुपारी मामांचा फोन आला. “काय करायलास?” एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “तुला एक मेसेज टाकलाय. वाच आणि सांग, रंग कोणता घेऊ?” म्हणजे घ्यायचं ठरलेलंच होतं, माझ्याकडं फक्त रंगाचं खातं आलं होतं.

मामांची परभणीच्या मोंढ्यात आडत आहे. त्यांच्यासकट पाच-सहा दुकानांची टॅली, जीएसटी, रिटर्न हे सगळं माझ्याकडं असतं. हा मेसेज मला त्याच दिवशी चार ग्रुपांवरून आला. मथळा असा : ‘व्यापारी बंधूंनो, डबडं फेका, धंदा वाढवा!’ खाली चाळीस हजारांच्या घरातल्या एका नव्या अँड्रॉइड फोनचे गुण सांगितलेत : कितीही ऊन असो, तापत नाही. यूपीआयची मर्यादा वाढते. मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल आता ५जी फोनवरच निघणार. हॅक होऊच शकत नाही. करातून सगळे पैसे परत. २०० मेगापिक्सेल कॅमेरा, दुप्पट रॅम, पाण्या-धुळीत बिनधास्त. आतला एआय म्हणजे बिनपगारी मुनीम. आणि जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बंद होणार. फोनचं नाव मी घेत नाही. तो बराही असेल. त्याच्या नावावर जे खपवलंय त्याच्याशी माझं भांडण आहे.

मेसेजमधल्या क्रमानं जात नाही. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर चाळीस हजार जातील, एकानं अख्खं खातं रिकामं होईल. तो आधी घेतो.

‘या फोनमध्ये वेगळी सुरक्षा चिप आहे, त्यामुळे हॅक होऊच शकत नाही. कोणतीही फाइल, लिंक न घाबरता उघडा.’ हे लिहिणाऱ्याला मोंढ्यात बोलवून एक दिवस गादीवर बसवायला पाहिजे. इथं प्रत्येकाच्या फोनवर फायली येत असतात : वाहनाचं चलान, पीएम किसानची यादी, कुणाच्या तरी मुलीची लग्नपत्रिका. नावाच्या शेवटी इंग्रजीत एपीके ही तीन अक्षरं असली, की ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. उघडलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, टाकू का? माणूस ‘हो’ दाबतो. मग ते अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं. माणूस परत ‘हो’ दाबतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. यात फोन कुणी फोडला? कुणीच नाही. चिप चोराला अडवायला असते, मालकानं स्वतः दार उघडून दिलं तर ती काय करणार? आयफोनवर एपीके चालत नाही हे खरं, पण ओटीपी तोंडानं सांगितला तर तोही वाचवत नाही. आणि मेसेजमधला फोन अँड्रॉइडच आहे.

आमच्याच ओळीतल्या एका दुकानदाराबरोबर मागच्या हिवाळ्यात हेच झालं. मौंज होती म्हणे. पत्रिका आली, उघडेना म्हणून त्यानं तीनदा दाबली. रात्रीतून दोन लाखांच्या वर गेले. त्याचा फोन सात-आठ महिन्यांचा होता, मामांच्या डबड्यापेक्षा तिपटीनं महाग. सकाळी दुकान उघडल्यावर तो हमालाला म्हणत होता, “माझ्या फोनला कामून झालं असं, नवा हाय ना!” तेच तर. नवा होता म्हणूनच त्यानं विचार केला नाही. असं काही झालंच तर आधी नेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लावा, मग बँकेला. चर्चा नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत तक्रार गेली तर अडवता येतात.

आता उन्हाचा मुद्दा. ‘खास कूलिंग चेंबर, भर उन्हात दिवसभर वापरा.’ जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणारे आपण, तेव्हा हा मुद्दा आपणच तपासायला हवा. अ‍ॅपलनं आपल्या मदतीच्या पानावर स्वच्छ लिहून ठेवलंय, की फोन वापरायचा तो भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असताना. पस्तीस! आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४४ वर असतो आणि मामांच्या दुकानाला वरून पत्रा आहे. फोन फार तापला तर काय होतं, तेही त्याच पानावर आहे : चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, स्क्रीन अंधूक होते, कॅमेऱ्याचा फ्लॅश तात्पुरता बंद पडतो आणि सिग्नल क्षीण होऊ शकतो. जगातल्या महागड्यातल्या महागड्या फोनची ही कथा. कूलिंग चेंबर उष्णता खात नाही, एका जागची सगळ्या पाठीवर पसरवतो. बाहेरची हवाच तव्यासारखी असेल तर ती उष्णता जाणार कुठं? सौद्याच्या वेळी मापाच्या काट्याजवळ उभं राहून, उजव्या हातात फोन आणि डाव्यानं डोळ्यांवर सावली करून आकडे वाचणारे मामा मी रोज बघतो. त्यांना स्क्रीन दिसत नाही, कारण फोन स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो. नवा फोन यापेक्षा थोडा उशिरा हरेल, एवढंच. फोन गल्ल्याच्या लाकडी खणात ठेवणं आणि दुपारी चार्जिंगला न लावणं, याला मात्र काही पैसे पडत नाहीत.

‘या फोनवर यूपीआयची मर्यादा जास्त.’ हे तर निव्वळ थापा. मर्यादा ठरवते एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, आणि तुमची बँक. फोनच्या किमतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मार्च २०२२ पासून बटणाच्या फोनवरही यूपीआय १२३पे चालतं, त्याची मर्यादा कमी आहे, पण चालतं. आणि गंमत ऐका. फोन बदलून यूपीआय नव्यानं सुरू केलं, की अनेक बँका पहिले २४ तास पाच हजारांच्या वर जाऊच देत नाहीत. म्हणजे नव्या फोननं मर्यादा वाढत नाही, एक दिवस घटते. बाजाराच्या दिवशी फोन बदललात तर शेतकऱ्यासमोर काय उत्तर द्याल ते ठरवून ठेवा.

‘ई-वे बिल आता फक्त ५जी फोनवर.’ ही अफवा कुठून निघाली असेल याचा मला अंदाज आहे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या साइटवर सगळ्यांनाच पासवर्डनंतर ओटीपी द्यावा लागतो. कुणीतरी ‘मोबाइल सक्तीचा’ असं ऐकलं आणि पुढच्यानं त्याचा ‘५जी’ केला. ओटीपी साध्या एसएमएसवर येतो. बटणाच्या फोनवरही येतो. खरी भानगड वेगळीच आहे. माझ्याकडच्या एका दुकानाचा ओटीपी जायचा तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुनीमाच्या नंबरवर. सोयाबीनचा ट्रक भरून उभा, ड्रायव्हर चहावर चहा पितोय, आणि आम्ही मुनीमाला फोन लावतोय, तर तो गावाकडच्या शेतात, रेंजच्या बाहेर. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर कर लागणारा माल निघाला, की हे बिल लागतंच. तेव्हा फोन घ्यायच्या आधी जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचा नंबर आहे ते बघा. बदलायला पैसे लागत नाहीत.

कराचा मुद्दा माझ्या पोटापाण्याचा, म्हणून थोडा जास्त वेळ. ‘व्यापाऱ्याला फोनचे सगळे पैसे करातून परत मिळतात, म्हणजे फुकटच पडतो.’ यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. धंद्यासाठी घेतलेला फोन धंद्याच्या खर्चात धरता येतो. पण ‘खर्चात धरणे’ आणि ‘पैसे परत मिळणे’ यातला फरक मी मामांना वीस वर्षं समजावतोय. चाळीस हजारांच्या फोनमध्ये १८ टक्क्यांनी साधारण सहा हजार शंभर जीएसटी असतो. दुकानाच्या जीएसटी नंबरावर बिल घेतलंत तर त्याचं क्रेडिट, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळू शकतं, पण शेतमालाच्या आडतीच्या कमिशनवर जीएसटीच नाही, आणि जिथं कर लागत नाही तिथं क्रेडिटही नाही. नुसत्या कमिशनवरच्या दुकानाला शून्य. मामा थोडा माल स्वतःच्या नावानंही विकतात, म्हणून त्यांना त्या हिश्शापुरतं मिळेल. राहिलेल्या रकमेवर घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी खर्चात धरायचा हिस्सा, १५ टक्के. संगणकाला ४० टक्के मिळतो, पण फोन त्यात बसत नाही. समजा जीएसटीचं पूर्ण क्रेडिट मिळालं, तरी उरलेल्या तेहतीस हजार नऊशेवर पहिल्या वर्षी पाच हजारांच्या आसपास घसारा. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला पंधराशे. वर्षाच्या शेवटी घेतला तर त्याच्याही निम्मा. आणि उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला तर हा खर्च वेगळा दाखवताच येत नाही. याला फुकट म्हणत असतील तर मीही उद्यापासून फुकटच काम करतो.

कॅमेरा, रॅम, पाणी ही तिन्ही एका दमात उरकतो. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या फोटोत सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना तोही दाबून बारीक करतं. फोटोतली पावती वाचता येत नाही ती कार्बन कॉपी फिकी असते म्हणून. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फरक पडेल. ‘१२ अधिक १२ रॅम’ यातली दुसरी बारा म्हणजे फोनच्या साठवणीतला उसना कोपरा, खऱ्या रॅमच्या मानानं मंद. आणि पाण्या-धुळीपासून संरक्षणाचा तो आयपी६८ दर्जा तपासतात प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्यात. हे संरक्षण कायम टिकत नाही, असंही अ‍ॅपलच लिहितं, आणि पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही असंही.

बिनपगारी मुनीम मी स्वतः चालवून बघितला. एका मित्राकडं तोच फोन आहे. त्यावर बोललो, “कट्टे बावीस, कडता दोन किलो, हमाली, तोलाई वजा.” त्यानं ‘कडता’चं, म्हणजे मापातून कापायच्या वजनाचं, ‘करता’ केलं आणि हमाली बेरजेत टाकली. शेतकऱ्याच्या हातात अशी हिशोबपट्टी दिली असती तर तो एआयला नाही, मामांना धरून बसला असता. नुसतं मराठी बोलून लिहायचं असेल तर गूगलनं ती सोय २०१७ मध्येच दिलीय, मामांच्या डबड्यावरही चालते. नातवाला उत्तरं ते तिच्यावरच देतात.

राहिला जुन्या फोनचा मुद्दा. जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं ते अँड्रॉइड ५ च्याही आधीच्या फोनवर. तो अँड्रॉइड २०१४ सालचा. एवढा जुना फोन मोंढ्यात आता कुणाकडं नसेल. पण मेसेजनं चुकून एका खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलंय, ते झाकून चालणार नाही. मामांच्या फोनचं सेटिंग उघडून बघितलं, तर शेवटचं सुरक्षा अपडेट तीन वर्षांपूर्वीचं. त्यावर चालू खात्याचं बँकिंग करणं बरं नाही. म्हणजे फोन बदलायचाय, हे मलाही मान्य करावं लागलं. फक्त दुकानात गेल्यावर विचारायचं ते मेगापिक्सेल नाही, सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार ते. गूगलनं २०२३ पासून पिक्सेलला आणि सॅमसंगनं २०२४ पासून एस२४ मालिकेला सात वर्षांचं वचन दिलंय. स्वस्तातल्या कित्येक फोनना याच्या निम्मंही मिळत नाही. धंद्याच्या फोनचा हा पहिला निकष, आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही.

काल संध्याकाळी मामांना घेऊन दुरुस्तीच्या टपरीवर गेलो. त्यांची मुख्य तक्रार होती की फोन चार्जच होत नाही. पोरानं भिंगाखाली धरून बारीक पिनेनं चार्जिंगच्या भोकातून तुरीचा भुसा काढला. चिमूटभर निघाला. वायर लावली, फोन चार्ज व्हायला लागला. पन्नास रुपये घेतले. मामांनी तो भुसा बोटावर घेऊन बघितला, वास घेतला आणि म्हणाले, “ओल हाय अजून हिच्यात.”

मग विचारलं, “मामा, तो मेसेज तुम्ही पुढं कुणाला पाठवलाय का?” तर आडत्यांच्या ग्रुपवर, मापाऱ्यांच्या ग्रुपवर आणि सोयऱ्यांच्या दोन ग्रुपांवर. मी म्हटलं, आता तिथंच दुरुस्ती टाका. लिहायचा त्यांना कंटाळा. टपरीसमोरच उभं राहून व्हॉइस नोट केली : “नमस्कार मंडळी. तो फोनचा मेसेज खोटा हाय. पत्रिका-बित्रिका काही उघडू नका, आमंत्रण द्यायचं तर फोन करा. तुरीचा भाव उद्या सकाळी टाकतो.”