खाडा पडलेल्या माणसाचं गटानं काय करायचं? ('एक जुना वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आधी तिथेच खाली चार ओळी लिहिणार होते, पण तुमचे आक्षेप चार ओळींत उरकण्यासारखे नाहीत. म्हणून हे वेगळं, लांबलचक उत्तर.

ज्यांनी मागचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी संदर्भ देते. गेल्या लेखात मी आमच्या छोट्या ऑनलाइन गटाबद्दल लिहिलं होतं. आम्ही आठ जण आहोत, कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, दोघी परदेशात. प्रत्येकाचं काम वेगळं: जर्मनच्या बी-वन परीक्षेची तयारी, रखडलेला प्रबंध, रक्तातली साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं, तबल्याचा रियाज. सकाळी प्रत्येकानं आज काय करणार ते एका ओळीत लिहायचं आणि रात्री ते झालं की नाही ते लिहायचं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, ज्याला खरंच काही करायचं असतं तो गावभर सांगत सुटत नाही. सांगितलं की करण्याची ऊर्मीच जाते, हे आता संशोधनानंही सिद्ध झालंय. लोकांच्या नजरेच्या धाकानं केलेलं काम नजर हटली की बंद पडतं. आमच्या पिढीनं जे केलं ते एकट्याच्या जिद्दीवर केलं. मी स्वतः गेली कित्येक वर्षं पहाटे उठून व्यायाम करतोय, कुणाला हजेरी न देता. आणि ज्या फोननं लक्ष उडवलं, त्याच फोनवर शिस्त शोधायची?"

तुमच्या पहाटेच्या व्यायामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ज्यांना गटाची गरज नसते असे लोक असतात आणि तुम्ही त्यातले आहात. तुम्ही गटात या असं मी म्हणणार नाही. मला बोलायचंय ते ज्यांचं एकट्यानं होत नाही त्यांच्याबद्दल. अशांना 'तुझ्यात जिद्दच नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो, ते मला अन्यायाचं वाटतं.

संशोधनापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. तुम्ही म्हणताय तो अभ्यास मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००९ सालचा. त्यातल्या प्रयोगांत कायद्याचे विद्यार्थी होते. ज्यांचा 'मी मन लावून अभ्यास करणार' हा निश्चय दुसऱ्या कुणी वाचून त्याची दखल घेतली, त्यांनी पुढे प्रत्यक्ष कामाला इतरांपेक्षा कमी वेळ दिला. कारण असं दिलं गेलं की दखल घेतली गेल्यावर माणसाला आपण आताच निम्मे वकील झालो असं वाटू लागतं. हा निष्कर्ष 'मी कोण होणार' अशा प्रकारच्या ध्येयांबद्दलचा आहे. 'मी लेखिका होणार', 'मी धावपटू होणार' असं जाहीर करून शंभर अभिनंदनं गोळा करणं घातक आहे, हे मला पूर्ण मान्य. म्हणूनच आमच्या गटात असं काही लिहायला बंदी आहे. सकाळच्या ओळीत काय, कधी आणि कुठे एवढंच असतं. 'साडेनऊला मुलगा शाळेत गेला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुसऱ्या प्रकरणाच्या तळटीपा तपासणार.' या वाक्याचं कुणी अभिनंदन करत नाही, करण्यासारखं त्यात काही नसतंच.

गंमत वाटेल, पण ही पद्धतसुद्धा गोलविट्झर यांच्याच कामातून आलेली आहे. २००९च्या त्या अभ्यासाच्या बरीच वर्षं आधीपासून ते सांगत होते की 'मी अभ्यास करीन' या नुसत्या संकल्पापेक्षा 'अमुक वेळ झाली, अमुक घडलं की मी अमुक करीन' असं ठरवून ठेवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. त्यांचा एक निष्कर्ष तुमच्या बाजूचा आहे आणि दुसरा माझ्या. दोन्ही एकत्र वाचले तर 'बोलू नका' असा अर्थ निघत नाही. काय बोलायचं ते नीट निवडा, असा निघतो.

त्यात २०१६ सालच्या एका मोठ्या आढाव्याची भर घालते. हार्किन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३८ अभ्यास एकत्र तपासले, सहभागी माणसं जवळपास वीस हजार. आपली प्रगती स्वतः वरचेवर तपासत राहिल्यानं ध्येय गाठायला मदत होते, आणि ती नोंद लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर परिणाम आणखी वाढतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे जाहीर करायचंच असेल तर संकल्पापेक्षा झालेलं काम जाहीर करावं. आमची रात्रीची ओळ त्यासाठीच आहे.

जाता जाता: त्याच लेखाखाली आणखी एका वाचकानं माझ्या बाजूनं येल विद्यापीठाची १९५३ची गोष्ट सांगितली आहे. ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती, ते वीस वर्षांनी बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत निघाले, वगैरे. असा अभ्यास कधी झालेलाच नाही. शोध घेणाऱ्यांना त्याचा मागमूस सापडला नाही आणि विद्यापीठानंही तसंच सांगितलं. गोष्ट माझ्या सोयीची असली तरी तिच्या आधारावर मला काही म्हणायचं नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, धाकाचा. इथे मात्र माझा मतभेद आहे आणि तो ठाम आहे.

धाकावर चालणारे गट असतात. रोज फोटो टाका, टाकला नाही तर दंड भरा, नाव लाल रंगात येईल, सलग दिवसांची साखळी तुटली की शून्यापासून सुरुवात. असे गट मी जवळून पाहिले आहेत आणि ते दिसतील तिथून लोकांना मी बाहेर पडायला सांगते. तिथे माणूस काम सोडण्याआधी गट सोडतो. दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटते, मग तो गटाचे मेसेज उघडणं थांबवतो, आणि हातातलं कामही त्या न उघडलेल्या मेसेजांसोबत पडून राहतं. नजरेचा धाक टिकत नाही हे तुमचं म्हणणं तिथे शंभर टक्के खरं आहे.

पण सोबत आणि धाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात कशी झाली पाहा. दारू सोडू पाहणाऱ्यांनी बैठका घेऊन एकमेकांना आधार द्यायचा, अशी ही संघटना. १९३५ साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसलं होतं, दारू सुटून थोडेच महिने झाले होते आणि हॉटेलातल्या बारचा आवाज कानावर येत होता. त्यानं फोन लावायला सुरुवात केली. आपल्यावर पाळत ठेवणारं कुणी त्याला नको होतं. बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली आणि त्या दोघांच्या बोलण्यातून ही सगळी चळवळ उभी राहिली. तिथे हजेरीपट नसतो, दंड नसतो. पुन्हा प्यायलेला माणूस परत आला तर त्याला खुर्ची देतात आणि मोजणी आजच्या दिवसापासून सुरू करतात. कॉक्रन ही वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत या बैठका आणि त्यांच्याशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतके, काही बाबतींत त्यांच्याहून जास्त परिणामकारक ठरले. त्याच वर्षी टाळेबंदीत या बैठका झूमवर गेल्या आणि तिथेही चालल्या. व्यसनाइतकी अवघड गोष्ट परत आलेल्याला खुर्ची देऊन सुटू शकते, तर जर्मनच्या अभ्यासाला धाक कशाला हवा?

आमच्याकडचं सांगते. जर्मन शिकणारी मैत्रीण मध्यंतरी गप्प झाली. घरात सासूबाईंचं आजारपण, रात्रीचं जागरण, त्यात परीक्षेची तारीख डोक्यावर. आमचा नियम असा की कुणी तीन दिवस दिसलं नाही तर गटात नाव घ्यायचं नाही. ज्याची त्याच्याशी जोडी आहे त्यानं खासगीत विचारायचं. तिच्या जोडीदारणीनं विचारलं, "बरी आहेस ना? सासूबाई कशा आहेत?" अभ्यासाचा विषयही काढला नाही. उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते असं: "मला वाटलं तुम्ही मला काढून टाकलं असेल." दुसऱ्या दिवशी तिची सकाळची ओळ होती: 'रिक्षातून दवाखान्यात जाताना दहा मिनिटं ऐकणार.' ती परीक्षा चार भागांची असते, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण, आणि हे भाग वेगवेगळेही देता येतात. तिनं आधी श्रवण आणि वाचनच द्यायचं ठरवलं. हा निर्णय एकटीनं कोपऱ्यात बसून झाला नसता असं ती म्हणते, आणि मला तिचं खरं वाटतं. या सगळ्यात धाक कुठे होता, ते मला सांगा.

गटाचा कस अशा वेळी लागतो. जे रोज करतायत त्यांच्याशी कुणीही गोडच वागतं. ज्याचा खाडा पडलाय त्याला परत यायची वाट किती सोपी ठेवली आहे, एवढंच मी कुठल्याही गटात आधी बघते.

गट लहान का, असंही तुम्ही विचारलंय. रिंगेलमान या फ्रेंच शेती अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. त्याचे आकडे १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढली की दर माणशी जोर कमी होत गेला. पाचशे जणांच्या ग्रुपमध्ये आपण नसल्याचं कुणाला कळतही नाही. याच्या उलट बाजूचं निरीक्षण १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ ओटो कोलर यांनी नोंदवलं. एका नौकानयन क्लबमधल्या लोकांना त्यांनी जोडीनं वजन उचलायला लावलं. एकानं सोडलं की दोघांचं थांबणार, अशी अट. त्यात कमी ताकदीचा माणूस एकटा असताना टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला, आणि हा फायदा सर्वांत जास्त दिसला तो दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना. फार फरक असेल तर नाही. जोड्या लावताना आम्ही हे लक्षात ठेवतो. नवशिक्याची जोडी तुमच्यासारख्या वर्षानुवर्षं नेम न चुकवणाऱ्या माणसाशी लावत नाही.

'आमच्या पिढीनं एकट्याच्या जिद्दीवर केलं' हे वाचून मात्र मी थबकले. खरंच? तुमच्या-माझ्या घरातल्या बायका भिशी का लावत होत्या? बँकेत व्याज मिळालं असतं, भिशीत ते मिळत नाही. पण एकटीनं डब्यात ठेवलेले पैसे घरखर्चात जातात, आणि दर महिन्याला अकरा जणींसमोर द्यायचे म्हटलं की बाजूला पडतात. शिलाई मशीन, मुलीची फी, कानातले, अशा कितीतरी गोष्टी या नेमातून उभ्या राहिल्या. पहिलवान तालमीत जात, मुलं अभ्यासिकेत बसत. घरी जागा नव्हती हे एक कारण, पण समोरचा वाचतोय म्हणून आपणही वाचतो हे दुसरं.

आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्यातली समाजआरती तुम्ही पाहिली असेल. मुक्कामी सगळ्या दिंड्या जमतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप, म्हणजे काठी, उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. एवढा मोठा समुदाय नेमानं पंढरपूरला पोचतो त्यात भक्ती आहेच, पण अडलेल्याचं ऐकून घेण्याची अशी रोजची सोयही आहे. ती एकट्याच्या जिद्दीची गोष्ट मला तरी वाटत नाही.

फोनबद्दल फार लिहीत नाही. तुमची काळजी रास्त आहे. आमचा गट सकाळी पाच मिनिटं आणि रात्री पाच मिनिटं एवढाच उघडतो, मधल्या वेळात सूचना बंद. फॉरवर्ड, सुविचार, सणाच्या शुभेच्छा काही नाही. फ्रँकफर्टच्या मैत्रिणीला नागपूरच्या मैत्रिणीशी रोज बोलायचं तर दुसरा मार्गही नाही. ज्यांचं गाव, चाळ, वाडा मागे सुटलाय त्यांना शेजार इथेच मिळतो.

शेवटी तुमचा प्रश्न होता, की असं किती दिवस गटाच्या आधारानं चालायचं. याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही, ते कामावर अवलंबून आहे. प्रबंधवाले गृहस्थ प्रबंध जमा झाला की बाहेर पडणार आहेत, तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय आणि ते योग्यच आहे. चालणाऱ्या काकांना गट बरीच वर्षं लागेल. मधुमेह तेवढाच टिकणार आहे आणि रोज रात्री 'चाललो' असं कुणालातरी कळवायला त्यांना आवडतं. त्यांची पत्नी गेल्यापासून घरी ते विचारणारं कुणी नाही. तुम्ही याला आधाराची सवय म्हणाल. मी त्यांना ती मोडायला सांगणार नाही.

गटाचे नियम तीन-चार वाचकांनी मागितले आहेत. जोड्या कशा लावतो आणि गप्प झालेल्याला काय लिहितो यासकट ते पुढच्या आठवड्यात टाकते. त्यात कुठे धाक दिसला तर जरूर लिहा.