काकाची पांढरी बाटली, होम अलोनचं पोरगं आणि एका भाऊंची कमेंट

भाऊ, तुमची कमेंट काल रात्री वाचली, मग सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तिथं रांगेत उभं राहून परत वाचली. दोन्ही वेळा पहिले राग आला आणि मग हसू आलं. बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात सांगतो. सिनेमा-टीव्हीत आफ्टरशेव्ह आणि पुरुषांचे सेंट कसे दाखवतात यावर मी मागे लिहिलं होतं, त्यावर या भाऊंनी मला चांगलं धुतलं. ओल्ड स्पाइस आफ्टरशेव्हच्या जाहिरातीचं म्युझिक चुकीचं सांगितलं म्हणे. मग 'होम अलोन' सिनेमात घरी एकटं राहिलेलं पोरगं गालावर आफ्टरशेव्ह मारते आणि किंचाळते, तर त्या पोराला दाढीच नाही, त्याले झोंबंल काऊन, म्हणजे सीनच खोटा. आणि पडद्यावर बाटली दिसली की कंपनीनं पैसे दिले असं समजायचं, त्यात अर्थबिर्थ शोधू नये. शेवटी जो हाणला तो सगळ्यात जोरात : "कापसाले भाव नाही आन् तुमी सेंटावर लिहून राहिले, आपल्या खेड्यात हे लावते कोण? सोता काय लावता ते बी सांगा एकदा."

म्युझिकचं मान्य. पूर्ण चूक माझी. 'द ओमेन' सिनेमाचं म्हणून मी ठोकून दिलं होतं, ते निघालं 'ओ फोर्च्युना', कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या 'कार्मिना बुराना'मधलं, १९३७ साली फ्रँकफर्टला पहिल्यांदा सादर झालेलं. 'ओमेन' १९७६चा, त्याचं संगीत जेरी गोल्डस्मिथचं, त्याला त्यासाठी ऑस्कर पण मिळालं, पण जाहिरातीशी त्याचा काही संबंध नाही. दोन्हीकडे कोरस लॅटिनमध्ये अंगावर येते, त्यात माझा घोळ झाला. वाक्य दुरुस्त केलं आहे.

पण त्या जाहिरातीबद्दल अजून थोडं बोलू द्या. दूरदर्शनचे दिवस, आमच्या गल्लीत एकच टीव्ही, तो पण ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याच्यासमोर अर्धं गाव बसलेलं. त्यात एक माणूस फळीवर उभा राहून ही एवढी मोठी लाट कापत येते आणि मागे तो कोरस. समुद्र आमच्यापैकी एकानंही पाहिला नव्हता. आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे नाल्याचा पूर, त्यामुळे आमच्या आजीला वाटलं की हा बिचारा पुरात वाहून चालला आणि कोणी दोर टाकून नाही राहिलं. जाहिरात कशाची आहे हे आम्हाला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं, वास थोडीच येत होता टीव्हीतून!

मला त्या लेखात हेच सांगायचं होतं, तुमच्यापर्यंत पोचलं नसेल तर माझीच मांडणी गचाळ झाली असणार. पडद्यावर वास दाखवताच येत नाही. लोकांनी करून पाहिलं, नाही असं नाही. १९६०च्या 'सेंट ऑफ मिस्ट्री'साठी टॉकीजमध्ये खुर्चीपर्यंत नळ्या टाकून वास सोडले, १९८१च्या 'पॉलिस्टर'ला प्रेक्षकांच्या हातात नंबर टाकलेली कार्डं दिली, पडद्यावर नंबर आला की ते खरवडायचं आणि नाकाला लावायचं. दोन्ही टिकलं नाही. मंग दिग्दर्शकाच्या हाती राहते काय? ओंजळ, गालावरची चापट, आणि आरशातलं तोंड. वासाचं काम त्या चापटीकडून करून घ्यावं लागते.

आता 'होम अलोन'. इथं तुम्ही बरोबर आहात, आणि मी हे चडफडत लिहून राहिलो. आपल्या कातडीखाली गरम ओळखणाऱ्या नसा असतात, त्या साधारण ४२ अंशाच्या वर गेलं की भाजल्याची बोंब मारतात. आफ्टरशेव्हमधलं अल्कोहोल तिथं पोचलं की ही पातळी ३४ अंशापर्यंत खाली येते असं २००२ मध्ये छापून आलेलं संशोधन आहे, म्हणजे तुमच्याच अंगाची ३७ अंशाची ऊब तुम्हाला चटका देते. पण त्यासाठी अल्कोहोल आत पोचलं पाहिजे, आणि ते पोचते वस्तऱ्यानं खरवडलेल्या जागेतून. आठ वर्षांच्या पोराच्या सारवलेल्या भिंतीसारख्या गालावर ते नुसतं उडून जाणार आणि गार लागणार. सीन खोटा, कबूल. पण तो सीन १९९० पासून आजपर्यंत लोकांच्या डोक्यात बसला आहे तो काही शास्त्रासाठी नाही. घरात कोणी नाही, बाप पॅरिसला, आणि पोरगं बापाच्या जागी उभं राहून बापाचं काम करून पाहून राहिलं, ती किंकाळी त्याची आहे.

आणि हे मला पटायला कारण मी स्वतः तेच केलं आहे. एका साली कापसाचा चुकारा आला तेव्हा काकानं यवतमाळहून ओल्ड स्पाइसची बाटली आणली. पांढऱ्या काचेची, वर जहाज. ती कोनाड्यात, देवाच्या फोटोच्या बाजूला, आणि हात लावायची कोणाची टाप नाही. काका ते बाजाराच्या दिवशी लावत नव्हता, फक्त लग्नाला आणि कोर्टाच्या तारखेला. काच पांढरी त्यामुळे आत किती उरलं ते दिसत नाही, तो कानाजवळ नेऊन हलवून अंदाज घ्यायचा. शेवटी शेवटी पाणी घालून पुरवलं. त्यात पाणी पडलं की सुगंधाचं तेल वेगळं होते आणि सगळं गढूळ होते हे मला लय वर्षांनी समजलं, तेव्हा फक्त एवढंच दिसायचं की काकाच्या हातावर ताक आल्यासारखं काहीतरी येऊन राहिलं आणि काका तेच थाटात गालावर मारून राहिला. एका दुपारी सगळे वावरात गेले तेव्हा मी काकाचं ब्लेड कोरड्या गालावर फिरवलं, दाढी नव्हतीच, आणि वरून ओंजळभर ओतलं. असा ओरडलो की गोठ्यातला बैल दावं तोडायला निघाला. तर भाऊ, माझा पुरावा पण तुमच्याच बाजूनं जाते, ब्लेड फिरवलं म्हणूनच झोंबलं. पण बाटली घ्यायला मी गेलो काऊन, हा प्रश्न उरतेच ना?

कंपनीच्या पैशाचं अर्धं बरोबर आहे. तुम्हाला तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देतो : 'ब्रूट' हे सेंट १९६४ मध्ये फॅबर्जे कंपनीनं काढलं, आणि पुढे त्याच कंपनीनं ब्रूट नावानंच सिनेमे काढायची शाखा उघडली. त्यांच्या १९७३च्या 'अ टच ऑफ क्लास'साठी नटी ग्लेंडा जॅक्सनला ऑस्कर मिळालं. बाटली सिनेमात टाकायची कटकटच नको, अख्खा सिनेमाच आपला! पण मग 'अँकरमन' सिनेमातलं (२००४) 'सेक्स पँथर' कोणाच्या पैशाचं? असं सेंट तेव्हा बाजारात नव्हतंच, लेखकांनी टर उडवायला बनवलेलं. "६० टक्के वेळा ते दर वेळी चालते" असा त्याचा हिशोब, आणि ते लावून कोणी आलं तर ऑफिसभर लोक नाक धरतात. 'साइनफेल्ड' या अमेरिकन टीव्ही मालिकेत १९९२च्या भागांत क्रेमर नावाच्या पात्राला समुद्रकिनाऱ्याच्या वासाचं सेंट सुचते, कंपनीवाले त्याला हसून हाकलतात आणि मग तीच कल्पना ढापतात. यात कंपनीची इज्जतच गेली, पैसे कोण देईल? (बाय द वे आपल्याकडे यात हसण्यासारखं काही नाही, उत्तर प्रदेशातल्या कनौजला पहिल्या पावसाच्या मातीचं अत्तर कधीपासून विकतात.) आणि 'अमेरिकन सायको' सिनेमातला तो खुनी सकाळी आरशासमोर सांगते की अल्कोहोल कमी असलेलंच आफ्टरशेव्ह वापरा, अल्कोहोलनं चेहरा कोरडा पडते आणि माणूस म्हातारा दिसते. सल्ला एकदम बरोबर, देणारा मात्र असा.

राहिलं खेड्यात कोण लावते. कापसाचं तुम्ही लिहिलं ते मलाही लागलं, मी पण त्याच कापसावर जगतो, पण भाव पडला म्हणून नवरदेव वास न मारता मांडवात गेला असं मी अजून पाहिलं नाही. लग्नसराईत आमच्या स्टँडवरच्या कटिंगच्या दुकानात जाऊन बसा एकदा. आरशाखाली निळी-हिरवी लोशनं, दोन बॉडी स्प्रे आणि एक बाटली जिचं लेबल पुसून गेलं, तिच्यात काय आहे हे दुकानवाल्यालाही सांगता येणार नाही. नवरदेवाची दाढी झाली की दुकानवाला विचारत नाही, थेट दोन्ही गालांवर फाट फाट मारते, नवरदेव डोळे मिटून "स्सss" करते आणि बाकावरचे पोट्टे खिदळतात. तिकडे कॅमेरा लावा, पडद्यावर वेगळं काही दिसणार नाही.

आणि मी काय लावतो ते. तुरटी. उन्हाळ्यात दाढीच नाही करत, ते पण वाचते.