क्रिस रिआ ‘भजनाला लागला’ नव्हता

आपल्याकडे उतारवयात कुणी टाळ हातात घेतले की शेजारीपाजारी म्हणतात, ‘लागले भजनाला.’ ब्रिटिश गायक-गिटारवादक क्रिस रिआने ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखातून आलेल्या गाण्यांच्या वळणाचे, अल्बम काढायला सुरुवात केली तेव्हा माझा एक मित्र अगदी याच सुरात म्हणाला होता, ‘पॉप चालेना, म्हणून म्हातारा आता ब्लूज गातोय.’ वीसेक वर्षं झाली, त्या वाक्यावरून आमचं अजून वाजतं.

गंमत अशी की हा माणूस ब्लूजमधूनच आलेला. इंग्लंडच्या ईशान्येकडचं मिडल्सबरो, पोलादाच्या कारखान्यांचं गाव. वडील इटालियन, आइस्क्रीमचा धंदा. गिटार हातात आली तीच मुळी विशी उलटल्यावर, आणि डोक्यात होता चार्ली पॅटन, १९३४ साली वारलेला मिसिसिपीचा गायक. बोटात नळी चढवून तारांवरून घसरत सूर काढायचा, ती स्लाइड गिटार. आपल्या कानाला त्यात मींड ऐकू येते, म्हणून मला ती पहिल्यापासून परकी वाटलीच नाही.

मग रेकॉर्ड कंपनी आली. कंपनीला त्याचं नावही पसंत नव्हतं, बेनी सँटिनी म्हणून खपवायचा बेत होता. पठ्ठ्याने १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या नावातच त्या बेनी सँटिनीची टिंगल केली. पण त्याच अल्बममधल्या ज्या गाण्याने त्याला अमेरिकेत नाव मिळवून दिलं, त्यात त्याची गिटारच नाही! हे तो स्वतःच सांगायचा. गिटारवाल्याचं पहिलं हिट गाणं, आणि गिटार गायब. पुढची वीस वर्षं साधारण याच तिढ्यात गेली. ‘द रोड टू हेल’ (१९८९) आणि ‘ओबेर्ज’ (१९९१) ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मलाही ते आवडतात, खोटं कशाला बोलू. हॉस्टेलवर ‘रोड टू हेल’ची कॅसेट मी इतकी घासली की शेवटी टेप गुंडाळून गेली. पण तेव्हाही कान टवकारायचे ते मधल्या स्लाइडच्या तुकड्यांनाच.

२००१ मध्ये स्वादुपिंडाच्या आजारावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पोटातलं बरंच काही काढून टाकलं, कायमचा मधुमेह मागे लागला. यातून वाचलो तर ब्लूजच करायचा, असं त्याने ठरवलं होतं. वाचला. ‘जॅझी ब्लू’ नावाचं स्वतःचं लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि २००२ मध्ये ‘डान्सिंग डाउन द स्टोनी रोड’ आला. नवसाचा भाग सोडून द्या, नवस बोलल्याने गाणं चांगलं होत नसतं. हे चांगलं झालं कारण त्यातली चकचकीत पॉलिश गेली. आवाज आधीच खरखरीत होता, आता त्याला लपवायला मागे काही उरलं नाही. ढोल हळू, गिटार पुढे, आणि शब्द संपल्यावरही सूर रेंगाळतो.

आणि मग २००५ चं ‘ब्लू गिटार्स’. अकरा सीडी, एकशे सदतीस गाणी, सोबत पुस्तक आणि त्याने स्वतः काढलेली चित्रं. लुइझियाना, शिकागो, टेक्सास, चर्चमधलं गॉस्पेल, आयरिश, लॅटिन, प्रत्येक वळणाची वेगळी सीडी. इथे मात्र मित्राला थोडं झुकतं माप देतो. अकरा फार होतात. काही तबकड्या गृहपाठासारख्या वाटतात, टेक्सासचा धडा झाला की शिकागोचा. कंपनीच्या जाचातून सुटलेल्या माणसाला ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरत नाही, तेही बरं नव्हे. माझ्या हातात असतं तर तीन सीडी ठेवल्या असत्या. पण ही सगळी गाणी जुन्यांची उसनी नव्हेत, नवी आहेत, आणि लिहिणारा नुकता मरणाच्या दारातून परत आलेला. नाणं खणखणीत नसेल, पण कमाई त्याची स्वतःची आहे.

२०१६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी पुढच्या वर्षी नवा अल्बम काढून तो दौऱ्यावर निघाला. २२ डिसेंबर २०२५ ला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेला. नाताळ तीन दिवसांवर होता, त्यामुळे जिकडेतिकडे त्याचं नाताळाला घरी निघालेल्या माणसाचं गाणंच वाजलं. साहजिकच आहे.

मित्राला मी त्या रात्री ‘स्टोनी रोड’ पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘गिटार बरी वाजवायचा की रे.’