'वोक' म्हणून हिणवण्याआधी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिलहून पूर्वेला निघालं की तासाभराच्या आत पेंट रॉक आणि मग स्कॉट्सबरो लागतं. मार्च १९३१ मध्ये पेंट रॉकला मालगाडी अडवून नऊ काळ्या मुलांना पकडलं. आरोप दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्काराचा. स्कॉट्सबरोच्या कोर्टात महिन्याच्या आत खटले उरकले आणि आठ जणांना मृत्युदंड ठोठावला. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने कोर्टातच सांगितलं, असं काही घडलंच नव्हतं. फाशी टळली, पण मुलांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली २०१३ मध्ये, ते वारल्यावर.

लेड बेली या गायकाने या मुलांवर गाणं रचलं. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाण्यानंतर तो साध्या बोलण्यात बजावतो : अलाबामातून जाताना सांभाळून, 'वोक' राहा, डोळे उघडे ठेवा. 'वेक' म्हणजे जागं होणं. काळ्यांच्या बोलीत 'वोक' म्हणजे जागा असलेला. आपलं 'रात्र वैऱ्याची आहे, जागा राहा' तेच सांगतं. माझा एक काळा सहकारी आजही त्या रस्त्याला लागण्याआधी पेट्रोलची टाकी पूर्ण भरून घेतो. वाटेत कुठे थांबायला लागू नये म्हणून वडिलांनी लावलेली सवय.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात पोलिसांच्या गोळीने मायकेल ब्राउन हा काळा तरुण मेला, तेव्हा हा शब्द 'अन्यायाबद्दल जागा असलेला' या अर्थाने सगळीकडे पोचला. मग तो मिरवणारे आले, त्यांच्यामागोमाग त्याची शिवी करणारे. मिरवणाऱ्यांचा मलाही राग येतो.

पण आमच्या घरच्या ग्रुपवर भाचीने विचारलं, कामवाल्या मावशींचा कप वेगळा का? त्यावर काकांनी लिहिलं, "ही अमेरिकेची वोक थेरं इथे नकोत." मला ते फार लागलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. माझे शूद्र बांधव सुटावेत म्हणून देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा, असं त्यांनी लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावही अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलेलं. काका, हा प्रश्न भाचीने अमेरिकेतून उसना आणलेला नाही. तो पुण्यातच, जोतीरावांनी अस्पृश्यांना खुल्या केलेल्या वाड्यातल्या हौदापाशी विचारला गेलाय, आणि भाचीला अजून उत्तर मिळालेलं नाही.