क्रीडामंत्री झालात? बसा!

समजा, अर्थ, गृह, परराष्ट्र अशी सगळी खाती वाटून संपली आणि तळाशी उरलेलं क्रीडाखातं तुमच्या पदरात पडलं. देश युरोपातला. कुठला ते पसंतीने घ्या, पण लहानसाच घ्या. मोठ्या देशांच्या मंत्र्यांना कामं असतात. अभिनंदन! आणि तोंड पाडू नका. या खात्यात आजवर ठराव केल्याने कोणाचं काही बिघडलेलं नाही.

पहिली गोष्ट, खेळायचे बूट विकत घेऊ नका. युरोपातली सरकारं एकत्र येऊन क्रीडाधोरण आखतात ते बसून, आणि गेली पन्नास वर्षं बसलेलीच आहेत. १९७५ साली क्रीडामंत्र्यांनी ब्रसेल्सला जमून 'सर्वांसाठी खेळ' ही सनद मंजूर केली. तेव्हापासून खेळ हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. तो बजावायचा की सोफ्यावर पडून राहायचं, हे ज्याचं त्याने बघावं.

बसायचं कुठे, हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले चुकतात. एक आहे युरोप परिषद. ती स्ट्रासबुर्गला, ४६ देशांची, १९४९ पासूनची, आणि तिचा युरोपीय संघाशी संबंध नाही. दुसरी युरोपीय परिषद. ती संघाचीच, पण तिथे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष बसतात, तुम्हाला कोणी आत घेणार नाही. तिसरी संघाची परिषद, म्हणजे मंत्र्यांची. तुमची खुर्ची तिथे. बारा ताऱ्यांचा निळा झेंडा बघून आत शिरावं म्हणाल, तर पहिलीचाही तोच आणि संघाचाही तोच. शिवाय संघाची संसदही स्ट्रासबुर्गलाच, पहिलीच्या शेजारी. पत्ता लिहूनच न्या. आणि चुकून भलत्या इमारतीत गेलात तरी घाबरू नका, भाषण चालून जाईल.

तुमच्या परिषदेचं नाव 'शिक्षण, युवा, संस्कृती आणि क्रीडा'. क्रीडा शेवटी. विषयही बहुधा शेवटी येतो, म्हणजे संस्कृतीवाले उठून कोट चढवत असताना. बैठक एरवी मे आणि नोव्हेंबरात. अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरतं, आपल्याकडच्या भिशीसारखं. ज्याची पाळी त्याने आपल्या आवडीचा विषय मांडायचा, बाकीच्यांनी त्याची 'नोंद घ्यायची', आणि पुढच्या पाळीवाल्याने तो विषय मागे ठेवून आपला काढायचा. सगळं अगदीच विस्कटू नये म्हणून २०११ पासून कार्ययोजना असतात. सध्याची पाचवी, २०२४ ते २०२७. पहिल्या चार कुठे गेल्या असं विचारायचं नसतं.

आता खेळ म्हणजे काय? ही व्याख्या १९९२ साली युरोप परिषदेच्या, म्हणजे त्या पहिलीच्या, मंत्र्यांनी ऱ्होड्स बेटावर केली. ऱ्होड्स ग्रीसमध्ये, महिना मे, समोर निळा समुद्र. अशा ठिकाणी व्याख्या ऐसपैसच होणार. सहज म्हणून केलेली किंवा रीतसर आखलेली, शरीर तंदुरुस्त आणि मन प्रसन्न ठेवणारी, माणसामाणसांत नाती जोडणारी किंवा स्पर्धेत निकाल मिळवून देणारी कुठलीही शारीरिक हालचाल म्हणजे खेळ. बैठकीच्या खोलीतून जेवणाच्या हॉलपर्यंत शेजारच्या देशाच्या मंत्र्याशी गप्पा मारत चालत जाणं यात बसतं. मी दोनदा वाचून खात्री केली.

खरी मजा पुढे आहे. खेळाची 'सामाजिक भूमिका' हा शब्द पाठ करा. संघाने २००७ साली खेळावर श्वेतपत्रिका काढली, आणि तिच्या कृतिआराखड्याला नाव दिलं पिएर द कुबेरतँ, ऑलिंपिक पुन्हा सुरू करणारे गृहस्थ. त्या पत्रिकेत खेळाकडे सोपवलेली कामं बघा: सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, स्वयंसेवा, वंचितांचा समावेश, वंशद्वेषाशी लढा, परराष्ट्रसंबंध, पर्यावरण. आजीच्या बटव्यातल्या हिंगाष्टक चूर्णालाही कोणी इतके उपयोग सांगितले नसतील. एखादा प्रश्न आरोग्यखात्याला सुटत नाही, शिक्षणखात्याला नको आहे आणि गृहखातं त्याच्याकडे बघतही नाही, असं दिसलं की तो तुमच्या दारात आणून ठेवतील. निर्वासितांची मुलं? फुटबॉल द्या. एकटे पडलेले म्हातारे? चालायला लावा. पैसे कोण देणार, हे विचारून बैठकीचा सूर बिघडवू नका.

क्रियापदांवर मेहनत घ्या. संघाच्या मूळ करारात खेळाला जागा मिळाली ती लिस्बन करारामुळे, १ डिसेंबर २००९ रोजी, कलम १६५ मध्ये. त्याआधीची पन्नासेक वर्षं करारात खेळ नावाची वस्तूच नव्हती. कलम सांगतं की खेळाचं वेगळेपण, त्याची स्वयंसेवेवर उभी असलेली घडण आणि सामाजिक-शैक्षणिक कार्य लक्षात घेऊन संघ 'हातभार लावील'. आणि देशोदेशींच्या कायद्यांना एका साच्यात घालायचं नाही, असंही तेच कलम बजावतं. थोडक्यात, लग्नघरी सगळ्यांना सूचना करणारा पण कशालाही हात न लावणारा जो काका असतो, त्याची नेमणूक कायदेशीर झाली. तेव्हा 'करावे', 'द्यावे' असलं काही लिहू नका. 'प्रोत्साहन द्यावे', 'विचार व्हावा', 'निमंत्रित करण्यात येत आहे' असं लिहा, आणि वाक्याच्या शेवटी न विसरता 'योग्य वाटेल तिथे' जोडा. ही चिमूट पडली की कोणताही ठराव सत्तावीसच्या सत्तावीस देशांना पचतो.

कोर्टापासून तेवढे जपून राहा. कोर्टाला 'योग्य वाटेल तिथे' कळत नाही. १९७४ साली सायकल शर्यतीत मोटारसायकलवरून पुढे राहून वेग धरून देणाऱ्या दोघा डच माणसांचं प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि निकाल आला की खेळात पैसा असेल तिथे सामुदायिक, म्हणजे आजच्या भाषेत संघाचा, कायदा लागू. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. मग आला जाँ-मार्क बोस्मन. बेल्जियमचा, लिएज क्लबचा साधा फुटबॉलपटू. १९९० साली त्याचा करार संपला आणि त्याला फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं. जुना क्लब म्हणाला, करार संपला असेल, पण त्याच्या बदल्यात रक्कम मोजल्याशिवाय सोडत नाही. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला निकाल लागला: करार संपलेल्या खेळाडूला संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जाताना कोणी रक्कम मागायची नाही, आणि युरोपीय संघातल्या इतर देशांच्या खेळाडूंची क्लबातली संख्याही बांधायची नाही. अख्खा युरोपीय फुटबॉल उलटापालटा झाला. त्यानंतर खेळाडूंनी जे कमावलं त्यातलं बोस्मनच्या वाट्याला फारसं आलं नाही. त्याची कारकीर्द तोवर आटोपली होती. आणि क्रीडामंत्री? त्यांनी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत 'खेळाच्या वेगळेपणा'वर जाहीरनामे काढले. २००० साली नीसला तर पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांनीही एक काढला, तो छान शब्दांतला आहे.

एका ठिकाणी मला थट्टा करता येत नाही. २९ मे १९८५, ब्रसेल्सचं हेझेल मैदान, फुटबॉलच्या युरोपियन कपचा अंतिम सामना, इंग्लंडचा लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस. सामना सुरू व्हायच्या आधी लिव्हरपूलचे समर्थक पलीकडच्या प्रेक्षकांवर चालून गेले, लोक एका भिंतीकडे रेटले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली, बहुतेक इटालियन. सामना तरीही खेळवला. त्यानंतर प्रेक्षकांच्या हिंसाचाराविरुद्धचा युरोप परिषदेचा करार स्ट्रासबुर्गला सह्यांसाठी खुला झाला तो १९ ऑगस्टला. तीन महिनेसुद्धा लागले नाहीत. इतक्या देशांचं एकमत व्हायला वेळ लागतोच, असं तुम्ही पुढे अनेकदा म्हणणार आहात. तेव्हा ही तारीख कोणाला दाखवू नका. (प्रेक्षक हा केवळ धोका नव्हे, पाहुणाही आहे, हे करारात यायला मात्र २०१६ साल उजाडलं.)

घाई टाळायची कशी ते माल्टाकडून शिका. स्वित्झर्लंडमध्ये बील गावाच्या वर डोंगरात माकोलँ नावाचं ठिकाण आहे. २०१४ च्या सप्टेंबरात तिथे सामने 'फिक्स' करण्याविरुद्धचा युरोप परिषदेचा करार झाला. त्यात बेकायदा सट्ट्याची व्याख्या अशी: पैसे लावणारा जिथे बसलाय, तिथल्या कायद्यात जे बसत नाही ते बेकायदा. सरळ आहे की नाही? पण ऑनलाइन सट्टा कंपन्यांना परवाने देणं हा माल्टाचा भरभराटीचा धंदा, आणि त्या कंपन्यांचं गिऱ्हाईक देशोदेशी. माल्टाने हरकत घेतली. करार २०१९ पासून लागू झाला, पण युरोपीय संघाची एकत्रित मान्यता वर्षानुवर्षं अडकून पडली. लोकसंख्या सहा लाखांच्या आत, आणि सगळं वऱ्हाड वेशीवर! डिसेंबर २०२४ पासून संघाचे क्रीडा आयुक्त माल्टाचेच आहेत. यात त्यांचा काही दोष नाही, योगायोगांनाही थोडी विनोदबुद्धी असते इतकंच.

यशाचं मोजमाप करायची वेळ आली की आकड्यांच्या फार जवळ जाऊ नका. संघ दर काही वर्षांनी लोकांना विचारतो, तुम्ही व्यायाम करता का, खेळता का? 'कधीच नाही' म्हणणारे २००९ साली ३९ टक्के होते. मग खेळ करारात आला, कार्ययोजना आली. २०१३ साली ४२ टक्के. त्याच वर्षी शारीरिक हालचालींवर खास शिफारस निघाली, २०१५ पासून दर सप्टेंबरात युरोपीय क्रीडा सप्ताह भरू लागला. २०१७ साली ४६ टक्के. कागद जितके हलले तितकी माणसं बसत गेली. २०२२ साली मात्र आकडा ४५ वर आला! एक टक्क्याची घसरण. हा आकडा भाषणात घ्या, मागचे तीन घेऊ नका. फिनलंडमध्ये त्या वर्षी ७१ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करत होते आणि पोर्तुगालमध्ये ७३ टक्के कधीच करत नव्हते. तुम्ही पोर्तुगालच्या जवळ असाल तर अभ्यासदौरा फिनलंडला काढा. जानेवारीत नको.

पैशाचं सांगायचं राहिलं. इरॅस्मस प्लस या संघाच्या शिक्षण-युवकांसाठीच्या मोठ्या योजनेत २०२१ ते २०२७ साठी खेळाचा वाटा १.९ टक्के. त्यातून लहान क्लबांसाठी तीस किंवा साठ हजार युरोंची सोय आहे. अट एवढीच की दुसऱ्या देशातली संस्था सोबत हवी, कारण पैसा सहकार्यासाठी आहे. गावातल्या क्लबाच्या नहाणीघरात गरम पाणी येत नसेल तर इथे अर्ज करून उपयोग नाही. दोन देशांतल्या क्लबांना एकत्र येऊन 'गरम पाण्याच्या अभावाचा सामाजिक समावेशावर होणारा परिणाम' यावर कार्यशाळा घ्यायची असेल, तर बघता येईल.

हे नहाणीघर मी मनाने उभं केलेलं नाही. माझा मावसभाऊ जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. नोकरीला सहा वर्षं झाली, जर्मन भाषेत त्याला भाजी आणि रेल्वेची तक्रार एवढंच येत होतं. मुलगा आठ वर्षांचा झाला आणि त्याला गावच्या त्या गार पाण्याच्या क्लबात फुटबॉलला घातलं. फी भरली, म्हणजे आपलं काम संपलं अशी याची समजूत. पहिल्याच शनिवारी प्रशिक्षकाने, पोस्टातून निवृत्त झालेल्या आणि या कामाचा पगार न घेणाऱ्या एका आजोबांनी, याच्या हातात एक मोठी निळी पिशवी दिली. आत सगळ्या पोरांच्या चिखलाने भरलेल्या जर्सी. धुण्याची पाळी आईबापांत फिरते, आज तुमची. पुढच्या शनिवारी केकची पाळीही तुमचीच, सामन्याच्या वेळी विकायला. वहिनीने केक बिघडेल या भीतीने नानकटाया केल्या. पहिल्या हाफमध्येच डबा रिकामा झाला आणि तीन बायका कृती लिहून घ्यायला उभ्या.

जर्सी वाळत घालायला दोरी पुरेना, म्हणून बाल्कनीच्या कठड्यावर टाकल्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सहा वर्षांत कधी मान वर करून बोलले नव्हते. ते थांबले, मोजल्यासारखं वर बघितलं आणि विचारलं, पोरगा कुठल्या जागेवर खेळतो? मग त्यांनी ते स्वतः कुठल्या जागेवर खेळायचे ते सांगितलं. हा अर्धा तास ऐकत राहिला. सगळं कळलं नाही म्हणतो, पण मध्येमध्ये हसायचं कुठे ते कळत होतं.

मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा उत्साहाने त्याला फोन लावला. म्हटलं, अरे, तुमच्या त्या क्लबाला थेट युरोपच्या करारात संरक्षण आहे, कलम १६५, ऐकलंयस का कधी?

मागे वॉशिंग मशीन घरघरत होतं. तो म्हणाला, "१६५? आमच्याकडे चौदाच आहेत. आणि सात नंबरची सापडत नाहीये, तू नंतर फोन कर."